रंगाची पैदास आणि वळूची वही



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या सरांना जनावरांचं वेड होतं, हे इथल्या जुन्या मंडळींना सांगायला नको. म्हणून ‘विषय तुम्हीच ठरवा’ असं आयोजकांनी म्हटल्यावर मी जनावरांचाच विषय घेतला. पत्रिकेवर ‘रंगाची पैदास’ एवढंच छापलंय. मी गाईबैलांवर बोलणार, असं तुम्ही धरून चालला असाल. बोलणारच आहे. पण सुरुवात सापापासून करतो.

डिसेंबर 2023 मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटांच्या आणि केकच्या पाकिटांत जिवंत साप सापडले. नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक. बातमी वाचून मला पहिला प्रश्न पडला तो असा: कॉर्न स्नेक हा बिनविषारी साप. उंदीर खाऊन जगणारा, तीन ते पाच फुटांचा. आपल्या शिवारात धामण जे काम करते तेच काम हा अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या कोठारांत करतो. मग त्याच्यासाठी कायद्याची जोखीम कोण घेतं, आणि कशासाठी?

रंगासाठी. दुसरं काही नाही.

निसर्गातला कॉर्न स्नेक नारिंगी-तपकिरी अंगाचा असतो, पाठीवर काळ्या काठाचे लाल पट्टे. 1953 मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्यात एक नर असा सापडला की त्याच्या अंगावर काळा रंगच नव्हता. लाल, नारिंगी, पांढरं, आणि डोळे गुलाबी. पुढे हा साप बर्नार्ड बेख्टेल यांच्याकडे आला. बेख्टेल पेशानं डॉक्टर, तेही त्वचारोगतज्ज्ञ. कातडीचा रंग कुठून येतो हा त्यांच्या रोजच्या कामातलाच प्रश्न. त्यांनी या नराची जोडी साध्या मादीशी लावली. पिल्लं निघाली ती सगळी साधी, बापासारखं एकही नाही. एखाद्यानं तिथेच नाद सोडला असता. बेख्टेल थांबले. पिल्लं मोठी होऊ दिली, पुन्हा जोड्या लावल्या, आणि 1961 मध्ये अंड्यांतून बिनकाळ्या रंगाची पिल्लं बाहेर आली.

म्हणजे मधल्या पिढीत तो गुण कुठे गेला होता? कुठेही गेला नव्हता. दडून बसला होता. असा दडणारा गुण अंगावर दिसायचा तर आईकडूनही यावा लागतो आणि बापाकडूनही. एकाच बाजूनं आला तर जनावर दिसायला साधं राहतं, पण तो गुण पुढच्या पिढीला देऊ शकतं. अशी दोन साधी दिसणारी जनावरं एकत्र आली की सरासरी चार पिल्लांत एक रंगीत निघतं. पुढे 2015 मध्ये जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी या सापातल्या नेमक्या बिघाडाचं ठिकाण शोधून काढलं. ओसीए-2 नावाचं ते जनुक. माणसांतल्या एका प्रकारच्या धवलतेलाही हेच जनुक कारणीभूत असतं.

आता पुढची पायरी पाहा. काळा रंग नसलेला एक साप. लाल रंग नसलेला दुसरा साप, तोही निसर्गातच सापडलेला. दोघांची जोडी लावली तर पिल्लं सगळी साधी. त्या साध्या भावंडांची आपापसात जोडी लावली, तर सोळांत सरासरी एक पिल्लू असं निघतं की त्याला काळाही नाही आणि लालही नाही. जवळजवळ पांढरं. त्याला नाव मिळालं ‘स्नो’. मग नक्षी बदलणारे गुण सापडले. पट्टे एकमेकांना जोडले गेलेले, पट्ट्यांच्या जागी पाठभर लांब रेघा उमटलेल्या. एक मादी एका वेळी दहा ते तीस अंडी देते, अंडी दोन महिन्यांत फुटतात, पिल्लू दोन-तीन वर्षांत प्रजननाला येतं. माणसाच्या एका आयुष्यात कितीतरी पिढ्या बघता येतात. साठ-सत्तर वर्षांत सापाच्या या एका जातीपासून एवढे रंग आणि एवढ्या नक्ष्या निघाल्या की निसर्गातला मूळ साप त्यांच्या शेजारी ठेवला तर तो वेगळ्याच जातीचा वाटावा.

(इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण सभागृहात तरुण मुलं बरीच दिसतायत. आपल्याकडचा कुठलाही साप, मग तो धामण असो, तस्कर असो, दिवड असो, घरात पाळता येत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे. साप घरात निघाला तर सर्पमित्राला बोलवा आणि त्याला त्याच्या जागी जाऊ द्या.)

तर मग हे साप मी परभणीच्या सभागृहात का आणले? दोन कारणांसाठी. एक कारण चांगलं आहे, एक वाईट.

चांगलं कारण असं की या सापांची पैदास करणारी माणसं नोंद ठेवतात. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. आई कोण, बाप कोण, अंडी कधी घातली, पिल्लू कधी निघालं, दिसणारा गुण कोणता, दडलेला असण्याची शक्यता असलेला कोणता. ज्याच्याकडे ही नोंद नाही त्याच्या सापाला जाणकार माणूस हात लावत नाही. हौसेसाठी पाळलेल्या प्राण्याची एवढी वंशावळ! आणि आपल्याकडे?

तिकडे येतोच. आधी वाईट कारण.

कॉर्न स्नेकच्या ‘सनकिस्ड’ नावाच्या एका देखण्या रंगाच्या घराण्यात काही पिल्लं विचित्र वागताना दिसली. डोकं मागे वळवून वर बघत राहायची, सरळ सरपटता यायचं नाही, कधी पालथी पडायची. हा मज्जासंस्थेचा आनुवंशिक दोष निघाला. रंगाचं जनुक वेगळं, दोषाचं वेगळं. पण लोक रंगाच्या मागे लागून मोजक्याच सापांच्या पोटची पिल्लं पुन्हा पुन्हा एकमेकांत मिसळत राहिले, आणि रंगाबरोबर दोषही गुपचूप घरोघर पोचला. तो शोधता आला तो नोंदींमुळेच. कुठल्या नरापासून, कुठल्या मादीपासून, हे मागे मागे जात तपासता आलं. संशय असलेल्या सापांच्या मुद्दाम चाचणी-जोड्या लावून कोण स्वच्छ आणि कोण नाही हे ठरवता आलं.

असं फक्त सापांत होतं का? इंग्लंडातल्या शॉर्टहॉर्न गाईंत पांढऱ्या रंगाच्या कालवडींत जननेंद्रियांची वाढ अपुरी राहण्याचा दोष इतका ठळक होता की त्या रोगाचं नावच ‘पांढऱ्या कालवडीचा रोग’ असं पडलं. इथे तर दोष आणि रंग एकाच जनुकातून येतात. आणि उलटंही घडतं. रशियात बेल्याएव नावाच्या शास्त्रज्ञानं 1959 पासून नोवोसिबिर्स्कजवळ कोल्ह्यांवर एक प्रयोग चालवला. त्यांनी रंग पाहिलाच नाही. जो कोल्हा माणसाला कमी घाबरतो तोच पुढच्या पिढीसाठी ठेवायचा, एवढा एकच नियम. काही पिढ्यांत कोल्हे माणसाळले, आणि कोणी न मागता त्यांच्या कपाळावर पांढरे टिळे उमटले, अंगावर ठिपके आले, कान लोंबू लागले. स्वभाव निवडला, रंग आपोआप आला.

कातडीवरचा रंग आणि कातडीआतलं जनावर यांचं नातं असं गुंतागुंतीचं आहे. हे डोक्यात ठेवा आणि आता माझ्याबरोबर आपल्या शिवारात या.

मराठवाड्यानं रंगाची आणि नक्षीची पैदास कधी सुरू केली? तारीख कोणाला सांगता येणार नाही. पण फळ आपल्या डोळ्यांसमोर आहे. आपल्या दोन नामांकित गोवंशांपैकी एक लाल कंधारी. गडद लाल, अंगभर एकसारखा रंग, वळू गाईपेक्षा जास्त काळपट लाल. नांदेड, परभणी, लातूर हा तिचा पट्टा. कंधारच्या सोमदेवराय राजाच्या आश्रयानं हा वंश वाढला अशी परंपरेनं चालत आलेली गोष्ट सांगतात. गोष्ट खरी-खोटी इतिहासकारांनी ठरवावी. पण एवढा एकजिनसी लाल रंग पिढ्यान् पिढ्यांच्या निवडीशिवाय येत नाही, हे मी पैजेवर सांगतो.

दुसरी देवणी. लातूर, नांदेड, परभणी, हिंगोली, धाराशिव आणि पलीकडे कर्नाटकातला बीदर. गीर, डांगी आणि इथलं गावरान जनावर यांच्या मिसळणीतून ती घडली असं मानलं जातं. रुंद फुगीर कपाळ आणि लोंबते कान बघितले की गीरची आठवण येतेच. आणि तिच्यात तीन नक्ष्या. वानेरा: अंग पांढरंशुभ्र, तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या. बालंक्या: अंग पांढरं, पोटाच्या खालच्या अंगाला काळे ठिपके. शेवेरा: पांढऱ्यावर कुठेही, कसेही पसरलेले काळे डाग. एकाच वंशात तीन नक्ष्या, तिन्हींना स्वतंत्र नावं, आणि बाजारात उभा असलेला कुठलाही अनुभवी माणूस लांबून बघून सांगतो, ‘वानेरा आहे’. सापवाल्यांनी साठ वर्षांत केलं त्याचं आपण कौतुक करतो. इथल्या शेतकऱ्यानं ते गाईत केलं. आणि गाय काही तीस अंडी देत नाही. नऊ-साडेनऊ महिन्यांनी एक वासरू. देवणी कालवडीचं पहिलं वेत यायला चार वर्षांच्या आसपास लागतात. एका माणसाच्या हातून सहा-सात पिढ्या झाल्या तरी पुष्कळ. म्हणजे हे काम एका माणसाचं नाहीच. बापानं मुलाला दाखवलं, मुलानं नातवाला. कोणता गोऱ्हा ठेवायचा आणि कोणता ठेचायचा, याचा निकाल प्रत्येक पिढीनं दिला.

या कामाची थोरवी मला कमी लेखायची नाही. रंगामुळे वंश टिकला. कागद नव्हता तेव्हा रंग हाच दाखला होता. हाळी हंडरगुळीच्या बाजारात, माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत अनोळखी माणसाकडून जनावर घ्यायचं, तर त्याच्या घराण्याची खात्री कशावरून करायची? कातडीवरून. शिंगांवरून, कानांवरून, वशिंडावरून. पिढ्यान् पिढ्या ती खात्री पुरेशी होती.

आता ती पुरत नाही. आणि हेच मला आज सांगायचं आहे.

पालम तालुक्यातल्या एका आखाड्यावर मी बसलो होतो. समोर दावणीला एक देवणी कालवड. मालक सत्तरीच्या पुढचे. मी सहज विचारलं, ‘काका, हिची आई कोणती?’ त्यांनी क्षणाचाही विचार न करता सुरू केलं. ‘ही मोरी. हिची आई चांदी, ती कोपऱ्यात उभीय. चांदीची आई हरणी, ती बहात्तरच्या दुष्काळातून वाचलेल्या कपिलेच्या पोटची नात.’ प्रत्येकीचा स्वभाव सांगितला. कोणती लाथ मारायची, कोणती पोरालाही दूध द्यायची, कोणाचे सड आखूड होते. मी ऐकत राहिलो. मग विचारलं, ‘आणि हिचा बाप?’ ते म्हणाले, ‘गावातला वळू.’ ‘चांदीचा बाप?’ ‘वळूच की.’ ‘तोच?’ काका थोडा वेळ गप्प बसले. म्हणाले, ‘तोच असंल. दुसरा होता कुठं तवा?’

मंडळी, लक्षात येतंय का? तोच वळू आईचाही बाप आणि लेकीचाही. बाप-लेकीच्या अशा संबंधातून झालेल्या वासरात दर चार जनुकजोड्यांमागे सरासरी एक जोडी अशी असते की तिच्यातल्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या एकाच जनुकाच्या. दडलेला दोष वर यायला याहून सोपी वाट नाही. कालवड उशिरा माजावर येते, गाभण राहत नाही, वासरू अशक्त निघतं, आणि आपण म्हणतो, ‘गावरान जनावर आता तसं राहिलं नाही.’ राहिलं नाही, कारण गावात वळू राहिले नाहीत. पूर्वी गावात देवाच्या नावानं सोडलेला एखादा वळू असायचा, शेजारच्या गावचाही इकडे यायचा. ट्रॅक्टर आला, बैल कमी झाले. बैल कमी झाले, तसे गोऱ्हे कोणी ठेवेना. गोऱ्हे राहिले नाहीत तर वळू कुठून येणार?

त्यात रंगाची भर. उरलेल्या मोजक्या गोऱ्ह्यांतून वळू निवडताना आपण काय बघतो? लाल कंधारीच्या अंगावर पांढरा ठिपका निघाला की गोऱ्हा बाद. देवणीत शेवेराचे डाग ‘बेढब’ पडले की बाद. भोवरा चुकीच्या जागी आहे म्हणून बाद, हे तर मी असंख्य वेळा ऐकलंय. त्याच्या आईनं किती दूध दिलं? ती वेळेवर गाभण राहायची का? त्याच्या बहिणी कशा आहेत? हे कोणी विचारत नाही. भोवऱ्यावरून बाद झालेल्यांत सर्वांत गुणी जनावर गेलं असेल, आणि आपल्याला ते कळलंही नसेल. प्रदर्शनात बक्षीस मिळतं ते देखणेपणाला. देखणेपणाला माझा विरोध नाही. सुंदर जनावर बघून मलाही आनंद होतो. पण आधीच थोडे राहिलेले वळू रंगाच्या चाळणीतून गाळायचे आणि मग म्हणायचं की वंश घटतोय, हे कसं चालेल?

आणि रंग आता दाखलाही राहिलेला नाही. होलस्टीन संकरित गाईचा रंगही काळा-पांढराच. नवख्या गिऱ्हाइकाला डाग दाखवून ‘देवणी’ म्हणून गाय गळ्यात मारणं अवघड नाही. म्हणून डाग शेवटी बघा. आधी वशिंड बघा, कपाळ बघा, कान लोंबतो की आडवा उभा राहतो ते बघा, गळ्याखालची पोळी किती सैल आहे ते हातात धरून बघा.

संकराचा विषय निघालाच आहे, तर त्याबद्दल दोन शब्द. हल्ली संकरित गाईला नावं ठेवण्याची फॅशन झालीय. मला ते पटत नाही. 1972 साली आपल्या परभणीत कृषी विद्यापीठ सुरू झालं. तिथल्या संकरित गो पैदास प्रकल्पानं होलस्टीन आणि देवणी यांच्या संकरातून ‘होलदेव’ गाय तयार केली. देवणी एका वेतात सरासरी साडेआठशे-नऊशे लिटर दूध देते, लाल कंधारी सहाशेच्या आसपास. ज्याला पोरांची फी दुधावर भरायची आहे त्यानं जास्त दुधाची गाय मागितली तर त्याचं काय चुकलं? उलट मला त्या प्रकल्पाकडून एक गोष्ट घ्यावीशी वाटते. त्यांनी रंगाकडे बघितलं नाही, आणि प्रत्येक गाईचं प्रत्येक वेत कागदावर उतरवलं. वासरू कोणाचं, दूध किती, दोन वेतांत अंतर किती. त्या नोंदींवर विद्यार्थ्यांनी प्रबंध लिहिले. संकरित गाईला जे मिळालं ते शुद्ध देवणीला गावात का मिळू नये? बंगळुरूच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेच्या केंद्रावर देवणीचा कळप आहे, त्याच्या नोंदी आहेत. पण जिथे ती घडली त्या मराठवाड्यातल्या दावणीवर तिच्या बापाचं नाव कुठे आहे?

कोणी म्हणेल, आता कृत्रिम रेतन आहे, डॉक्टर येतात, प्रश्न मिटला. अर्धा मिटला. उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनच्या भांड्यातून डॉक्टर कांडी काढतात. त्या कांडीवर वळूचा नंबर छापलेला असतो. बारीक अक्षरात, पण असतो. रेतन झालं की ती रिकामी कांडी कुठे जाते? उकिरड्यावर. नंबर तिच्याबरोबर जातो. काही वर्षांनी त्याच गाईची कालवड माजावर येते, आणि त्याच वळूची कांडी पुन्हा भांड्यातून निघाली तर थांबवणार कोण? गावात फिरणाऱ्या वळूला निदान लोक ओळखत तरी होते. नंबर कोणी लिहून ठेवला नाही तर कांडीतला वळू त्याहून अनोळखी.

आज जनावराच्या कानात बारा अंकी नंबराचा पिवळा बिल्ला असतो. आपल्याला तो लसीकरणाचा आणि अनुदानाचा बिल्ला वाटतो. तो वंशावळीचाही होऊ शकतो. आईचा नंबर आणि बापाचा नंबर, एवढे दोन रकाने प्रत्येक वासरापुढे भरले गेले तर दहा वर्षांत आपल्याकडे देवणीचा असा वंशवृक्ष असेल जो आजवर कधीच नव्हता. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, कोटींचा निधी लागत नाही. अमेरिकेतला हौशी माणूस सापाच्या डब्यावर जी चिठ्ठी चिकटवतो, ती आपल्या गोठ्यात यायला हवी. एवढंच.

म्हणून सभागृहातल्या पशुवैद्यक महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. जिल्ह्यात नऊ तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यातली दोन-चार गावं धरा आणि तिथल्या देवणी, लाल कंधारी गाई व वळू लिहून काढा. वानेरा, बालंक्या, शेवेरा तिन्ही लिहा. डाग बेढब म्हणून कोणाला वगळू नका. पांढरा ठिपका असलेली कंधारीही लिहा. दर तीन-चार वर्षांनी दोन गावांनी वळूंची अदलाबदल करावी म्हणून सरपंचांच्या मागे लागा. माळेगावच्या यात्रेतल्या परीक्षकांनी बक्षीस देण्याआधी मालकाला दोन प्रश्न विचारावेत: याच्या आईनं गेल्या वेतात किती दूध दिलं आणि याचा बाप कोण? उत्तर नसेल तर जनावर कितीही देखणं असो, पहिला नंबर देऊ नये.

आणि इथे बसलेल्या शेतकरी मंडळींना सांगणं इतकंच. उद्या सकाळी बाजारातून एक शंभर पानी वही आणा आणि गोठ्यात खिळ्याला अडकवा. डॉक्टर रेतनाला आले की कांडी त्यांच्याकडून मागून घ्या, तिच्यावरचा नंबर, गाईच्या बिल्ल्याचा नंबर आणि तारीख त्या वहीत उतरवा. गावचा वळू लावला असेल तर तो कोणाच्या गाईचा, ते लिहा. आईचं सगळं तुम्हाला पाठ आहे. बापाचं लिहून ठेवा.